शब्द, वचन आणि पाल : 'देवाचा शब्द' मराठीत आला त्याची गोष्ट



विषय जाहीर झाला आणि आम्हाला रस्त्यात दोन प्रकारच्या माणसांनी गाठलं. एकांनी विचारलं, "सर, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" दुसरे स्वतः ख्रिस्ती. ते म्हणाले, "सर, हा आमच्या पाळकसाहेबांचा विषय, तुम्ही यात कशाला पडता?" दोघांनाही आमचं उत्तर एकच. आम्ही ख्रिस्ती नाही, उपदेशकही नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची सारी नोकरी गेली, आणि तत्त्वज्ञानवाल्या माणसाला 'शब्द' म्हटलं की कान टवकारायची खोड असते. शिवाय आमच्या अंगावर एक जुनं देणं आहे. ते ओघात सांगू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. जळगाव जामोदच्या वर सातपुडा आहे. तो ओलांडला की बऱ्हाणपूरचा मुलूख. डोंगराच्या अलीकडे एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात योहानाचं शुभवर्तमान उघडा. पहिल्याच वाक्यात 'शब्द' भेटतो. डोंगराच्या पलीकडे हिंदी पुस्तक उघडा. त्याच जागी 'वचन' आहे. लिपी एक, दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, आणि ज्याचं भाषांतर केलं तो ग्रीक शब्दही एकच : लोगोस. तरी एका डोंगरानं शब्द बदलला. यात चूक कोणाचीच नाही. दोन्ही भाषांतरकार शहाणे होते. मग असं का झालं, याचा विचार करायला लागलं की ख्रिस्ती श्रद्धेतला 'देवाचा शब्द' म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाच्या मुळाशी जावं लागतं.

आधी मराठी काय म्हणते ते ऐकू. आपण शब्द 'देतो', म्हणजे भरवसा देतो. दिलेला शब्द 'पाळतो', त्याला 'जागतो'. वडीलधाऱ्यांचा शब्द 'खाली पडू देत नाही'. आणि पोराच्या नोकरीसाठी कोणा मोठ्या माणसाकडे जाऊन म्हणतो, "साहेबांकडे जरा शब्द टाका." म्हणजे मराठीत शब्द हा नुसता ध्वनी नाही, कोशातली नोंद तर नाहीच. त्यात बोलणारा माणूस अडकलेला असतो. शब्द मोडला की माणूस मोडतो. हिंदीतल्या भाषांतरकारानं 'वचन' घेतलं ते याच भरवशासाठी असावं. मराठीत तो भरवसा 'शब्द' या साध्या शब्दातच होता. 'शब्द टाकणे' यात मध्यस्थीचा जो अर्थ आहे तो ग्रीकमध्ये त्या जागी नाही. पण ख्रिस्ती माणूस येशूला मध्यस्थ मानतो, तेव्हा मराठीनं न मागता घातलेली ही भर त्याला परकी वाटत नाही.

आता लोगोस. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराला हेराक्लायटस नावाच्या ग्रीक विचारवंतानं विश्वाच्या वाहत्या पसाऱ्यातल्या नियमाला हे नाव दिलं. पुढे स्टोइक पंथानं लोगोस म्हणजे विश्वाला आतून चालवणारी बुद्धी असं मानलं. येशूचा समकालीन असलेला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने तो देव आणि जग यांच्या मध्ये ठेवला. हे सगळं पहिल्या शतकाच्या अखेरीला योहानाच्या आजूबाजूला हवेत होतं. पण योहान यहुदी परंपरेतला, आणि त्याच्या कानात दुसराही एक शब्द वाजत होता : हिब्रू 'दाबार'. दाबार म्हणजे बोलणं, आणि दाबार म्हणजे घडलेली वस्तू, प्रकरण. दोन्ही. पाश्चात्त्य विद्वानांना हे समजावून सांगायला पानंच्या पानं खर्ची घालावी लागतात. मराठी माणसाला एका शब्दात कळेल, कारण आपल्याकडे 'गोष्ट' आहे. 'ही गोष्ट खरी', 'एक गोष्ट सांग', 'दोघी गोष्टी करत बसल्या'. वस्तू, कथा आणि बोलणं एकाच शब्दात. हिब्रू शास्त्राच्या पहिल्या पानावर देव बोलतो आणि ते होतं, यात चमत्कार दाखवायचा हेतू कमी आहे. देवाचं बोलणं आणि करणं यांत फट नाही, एवढंच तिथे सांगायचं आहे. संदेष्ट्यांकडे शब्द 'येतो', पाहुणा यावा तसा. त्यांनी तो रचलेला नसतो. बरेचदा त्यांना तो नकोच असतो.

योहानानं या दोन प्रवाहांची गाठ मारली, इथपर्यंत सगळे पंडित सोबत येतात. मग पहिल्याच अध्यायाच्या चौदाव्या वचनात तो असं काही म्हणतो की ग्रीक आणि यहुदी दोघेही दचकावेत : हा शब्द देहधारी झाला. तिथे ग्रीकमध्ये 'राहिला' या अर्थी जे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकणे असा आहे. आम्ही वर्गात 'तंबू' म्हणायचो आणि पोरांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. एकदा तोंडून निघून गेलं, "पाल ठोकलं." वर्ग एकदम जागा झाला. आपल्याकडे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाल ठोकून राहणारी माणसं कोण असतात, त्यांना गाव कसं वागवतं, पाण्यासाठी त्यांना कोणाकोणाच्या हातापाया पडावं लागतं, हे त्या पोरांना आम्ही शिकवायची गरज नव्हती. देवाच्या शब्दानं महाल बांधला नाही, पाल ठोकलं. योहानाच्या मनात इस्राएल लोकांचा रानातला निवासमंडप होता हे खरं, पण तोही पालच की.

इथे आमचं देणं येतं. जवळजवळ वीस वर्षं आम्ही वर्गात एक समीकरण शिकवत होतो : योहानाचा लोगोस म्हणजे आपलं शब्दब्रह्म. पाचव्या शतकाच्या सुमाराचा भर्तृहरी 'वाक्यपदीया'च्या आरंभीच शब्दतत्त्वाला अनादि-अनंत ब्रह्म म्हणतो आणि जगाचा सगळा व्यवहार त्यातून उलगडतो असं सांगतो. त्याच्याही आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाक् देवता स्वतःविषयी बोलते. पुढे तुकोबांनीही शब्दाला देवपण दिलं. मग काय, जुळलं! फळ्यावर एका बाजूला लोगोस, दुसऱ्या बाजूला शब्दब्रह्म, मध्ये बरोबरचं चिन्ह. पोरं खूश, आम्हीही खूश. सर्वधर्मसमभावाचा तास संपला.

पुढे चिखली तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याकडे दुखवट्याला जाणं झालं. ख्रिस्ती घर. त्याची आजी बसलेली. बाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. बोलता बोलता आम्ही, आमच्या सवयीप्रमाणे, तिथेही ते समीकरण मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं ते ब्रह्म काही कोनाच्या घरी जेवाले येत न्हाई. आमचा शब्द आला."

घरी येईपर्यंत आम्ही गप्प होतो. बाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते असं. भर्तृहरीचा शब्द कोणी उच्चारलेला नाही. तो आहे, आणि त्यातून जग आपोआप उलगडतं. योहानाच्या शब्दामागे बोलणारा आहे आणि पुढे ऐकणारा आहे. त्याला आई आहे, गाव आहे, जेवणाच्या पंगती आहेत, पंत पिलातासारख्या एका सुभेदाराच्या कारकिर्दीतलं मरण आहे. शब्दब्रह्माला मृत्युदंड देता येत नाही. समीकरणातलं ते बरोबरचं चिन्ह आम्ही पुसलं. तुलना पुसली नाही, कारण तुलनेशिवाय फरक दिसला नसता. पण वीस वर्षांच्या मुलांना जे शिकवलं ते परत कसं घ्यायचं? आज इथे त्यांच्यापैकी दोघे-तिघे बसलेले दिसतात, निदान त्यांच्यापुरतं तरी फिटलं म्हणायचं.

ख्रिस्ती लोकांनाही हे पचायला सोपं गेलं नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळक म्हणू लागला की शब्द श्रेष्ठ खरा, पण देवानं निर्माण केलेला. त्यावरून रान पेटलं. इ. स. ३२५ मध्ये निकिया इथे सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशपांची परिषद बोलावली आणि तिथे ठरलं की शब्द निर्मिलेला नाही, पित्याशी एकतत्त्व आहे. आपल्याकडे मीमांसक वेदाविषयी असाच मुद्दा लढवत होते : वेद अपौरुषेय, नित्य, कोणीही रचलेला नाही. इस्लाममध्ये कुराण निर्मित की अनिर्मित हा वाद नवव्या शतकात बगदादला इतका पेटला की लोकांना तुरुंगात टाकलं. तीन धर्म, एकच प्रश्न. मात्र उत्तरात ख्रिस्ती बाजू वेगळी पडते. इथे बरीच गफलत होते म्हणून नीट सांगतो. मुसलमानांचं कुराण तसं ख्रिस्त्यांचं बायबल, अशी जोडी आपण लावतो. अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवलंय की ही जोडी चुकीची आहे. कुराणाच्या जागी ख्रिस्ती श्रद्धेत बायबल येत नाही, येशू येतो. बायबल हे त्या शब्दाविषयीची साक्ष. मार्टिन लूथरनं त्यासाठी आपल्या शेतकऱ्यांना झटकन कळेल अशी उपमा दिली आहे : शास्त्र ही गव्हाण, बाळ तिच्यात निजलंय. गव्हाणीला जपावं, पण गव्हाणीला बाळ समजू नये.

आता हे सगळं आम्ही का सांगतो आहोत? कारण याचा एक परिणाम थेट आपल्या मातीपर्यंत आला. शब्द जर ध्वनीत असेल, तर ध्वनी बदलता येत नाही. वेदमंत्राचा एक स्वर चुकला तरी बिघडलं. मग तो कोणी ऐकावा, कोणी उच्चारावा, याच्या चौक्या बसतात. ब्रह्मसूत्रांत अपशूद्राधिकरण म्हणून एक प्रकरण आहे. तिथे शूद्राला वेदश्रवणाचा अधिकार नाकारताना आचार्यांनी स्मृतीतला आधार दिलाय : ऐकलं तर कानात तापलेलं शिसं ओतावं. हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या एम. ए. ला शिकवलेलं आहे, पडेल आवाजात. शब्द जर माणूस असेल, तर त्याची ओळख कुठल्याही बोलीत करून देता येते. येशू ॲरेमाईक बोलला, पण त्याची चरित्रं पहिल्यापासून ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे मूळ पुस्तकच एका अर्थी भाषांतर!

म्हणून भाषांतरकार निघाले. मराठीत पहिला मोठा माणूस फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, दहा हजारांवर ओव्यांचं. त्यानं बायबलचं भाषांतर केलं नाही, पुराण रचलं. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती आणि त्यांचे कान भुकेले होते, हे त्यानं ओळखलं. स्वर्गाला त्यानं बेधडक वैकुंठ म्हटलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या! त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला. म्हणजे ज्यांच्याकडे अनुवादाला मोकळा शब्द होता, त्यांनीही चौकी बसवलीच. सत्ता हातात आली की हे सगळीकडे होतं.

पुढे बंगालात सेरामपूरला विल्यम कॅरीनं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण १८०५ ला, कोश १८१० ला आणि नवा करार १८११ ला काढला. मराठीच्या अंगणापासून एवढ्या दूर! अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले. त्यांनी नव्यानं काम करून १८२६ ला नवा करार छापला, १८४७ ला संपूर्ण बायबल. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात अकोल्याला मुख्य ठाणं करून अलायन्स मिशन वऱ्हाडात पसरलं. खामगाव, मलकापूर, बुलढाणा. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली पोरं मिशननं सांभाळली, हे ज्या घरांत सांगतात त्यांतली काही घरं या सभागृहापासून फार लांब नाहीत. दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला असं म्हणणारे आहेत. आमचं म्हणणं, पोट ही काही धर्माबाहेरची गोष्ट नाही. आणि ज्या पंगतीतून आपण त्यांना उठवलं होतं तिचाही हिशेब मग मांडा.

कोणी म्हणेल, मराठीत देव बोलायला मिशनरी कशाला हवे होते? बरोबर. त्यांच्या सहाशे वर्षं आधी याच जिल्ह्यात, मेहकरला आणि लोणारला, चक्रधरस्वामी राहून गेले. 'लीळाचरित्रा'त त्याच्या लीळा आहेत. ते बोलले मराठीत, आणि स्त्रियांशी, शूद्रांशी बोलले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, केशिराजांनी सूत्रं निवडली. स्वामींचा शब्द जसाच्या तसा राहावा म्हणून केवढी धडपड! योहान-मत्तयांच्या कामाशी तुलना करायची तर आम्ही शब्दब्रह्मापेक्षा म्हाइंभटांकडे आधी जाऊ. इथेही देहात आलेल्या ईश्वराचं बोलणं, चालणं, जेवणं नोंदलंय. पण पुढे काय झालं? पंथाचे ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना वाचताच आले नाहीत. कारणं काहीही असोत, सामान्यांसाठी मराठीत बोललेला शब्द सामान्यांपासूनच कुलपात गेला.

मराठी ख्रिस्ती लोकांत याच प्रश्नाची दोन टोकं दोन थोर माणसांनी धरली. नारायण वामन टिळक राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. नाशिक-नागपूर मार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जातो, तेव्हा टिळकांची गाडी आपल्या शिवारातून किती वेळा धडधडत गेली असेल! १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका होती. म्हणून अभंग, भजन, कीर्तन, सगळं बरोबर आणलं. 'ख्रिस्तायन' त्यांनी सुरू केलं, ते लक्ष्मीबाई आणि देवदत्त यांनी पुरं केलं. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पंडिता रमाबाई उलट टोकाला. टिळकांपेक्षा संस्कृत त्यांना जास्त येत होतं, आणि म्हणूनच त्या संस्कृतला भ्यायच्या म्हणा ना. लहानपणापासून पुराणं सांगत हिंडलेली ही बाई. कुठल्या शब्दाला कुठला वास चिकटलेला आहे हे तिला नाकानं कळायचं. चालू मराठी बायबलातले पंडिती, जुन्या धर्मकल्पनांचे शब्द त्यांना खटकले. दुष्काळातून आलेल्या केडगावच्या मुलींना ते कळत नव्हते, आणि कळले तर भलतंच कळत होतं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल एकटीनं सोप्या मराठीत उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ ला केडगावच्याच छापखान्यातून निघालं. संपूर्ण बायबल एका स्त्रीनं एकहाती भाषांतरित करण्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. मराठी साहित्याच्या इतिहासात या पुस्तकाला किती ओळी मिळतात ते आपण जाऊन बघा. आम्ही पाहिलं, आणि लाज वाटली.

दोघांत बरोबर कोण? आमचा कल रमाबाईंकडे आहे, पण गळा टिळकांकडे ओढतो. टिळकांचं भजन चर्चमध्ये लागलं की बाहेरचा वारकरीही थांबतो. रमाबाईंचं गद्य तसं थांबवत नाही. पण तिच्या मुलींना ते समजलं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

मघापासून एक चिठ्ठी हातात आहे. "सर, मग बायबल हे देवाचं वचन आहे की नाही? हो किंवा नाही सांगा." विचारणारे बहुधा ख्रिस्ती आहेत, कारण 'वचन' हा शब्द त्यांनी घरच्यासारखा वापरलाय. गंमत बघा, योहानाच्या त्या जागी मराठीनं 'शब्द' घेतला, पण ख्रिस्ती घरात पुस्तकातल्या ओळीला 'वचन' म्हणतात. 'आजचं वचन', 'वचन पाठ कर'. म्हणजे व्यक्तीला शब्द आणि ओळीला वचन, अशी वाटणी आमच्या मराठी ख्रिस्ती बायाबापड्यांनी न ठरवता करून ठेवली. कार्ल बार्थ नावाच्या स्विस धर्मचिंतकानं १९३२ मध्ये हेच तीन पदरी करून मांडलं : प्रकट झालेला शब्द म्हणजे ख्रिस्त, लिहिलेला म्हणजे शास्त्र, आणि सांगितलेला म्हणजे उपदेश. तिन्ही शब्दच, पण दुसरा आणि तिसरा पहिल्यामुळे. तेव्हा चिठ्ठीचं उत्तर : ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे हो, पण गव्हाण या अर्थानं. यापुढचं तुमच्या पाळकसाहेबांना विचारा, आमचा अधिकार इथे संपतो.

राहता राहिल्या चिखलीकडच्या त्या आजी. त्या आता नाहीत. नातू सांगत होता, शेवटच्या वर्षांत कोणी वाचून दाखवायला घरात थांबत नसे, म्हणून त्यानं मोबाईलवर मराठी बायबलाचं ध्वनिमुद्रण लावून दिलं होतं. त्यात वाचणारी बाई पुण्याकडची, शुद्ध बोलणारी. आजी खाटेवर पडून ऐकायच्या, आणि ओळ संपली की तीच ओळ आपल्या बोलीत पुन्हा म्हणायच्या. नातवानं विचारलं, "आजी, ते तर म्हणते ना बरोबर, मंग तू काऊन म्हणतं?" तर म्हणाल्या, "तिचं तिले समजलं. माह्यं मले सांगू दे."